हिरव्या मातीची सनद

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या ईशान्य टोकाला, जॉर्जियाच्या हद्दीला खेटून, अमेलिया नावाचे एक अरुंद आणि सुमारे वीस किलोमीटर लांबीचे बेट आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या जॉर्ज राजाच्या कन्येचे नाव धारण करणाऱ्या या भूमीवर फ्रेंच, स्पॅनिश, ब्रिटिश, मेक्सिकन अशी आठ निशाणे निरनिराळ्या काळी फडकून गेली, आणि तेथील रहिवासी आजही आपल्या गावाचा परिचय ‘आठ ध्वजांचे बेट’ असाच करून देतात. या नामावळीत ज्याची गणना होत नाही, परंतु ज्याने एकोणतीस वर्षे या बेटाचे नाव साऱ्या क्रीडाजगतात गाजते ठेवले, असे एक नववे निशाणही तेथे होते. ते म्हणजे वसंत ऋतूत भरणाऱ्या स्त्रियांच्या व्यावसायिक टेनिस स्पर्धेचे. १९८० साली ही स्पर्धा सुरू झाली, २००८ पर्यंत त्याच बेटावर अखंड भरत राहिली, पुढची दोन वर्षे जॅक्सनविल शहराच्या पलीकडे पाँटे व्हेद्रा बीच येथे आश्रयाला गेली, आणि एप्रिल २०१० मधील अंतिम सामन्यानंतर पुन्हा भरली नाही. एकतीस वर्षांचा हा संसार कसा मांडला गेला आणि कसा मोडला, याकडे आपल्याकडील क्रीडाप्रेमींनीही लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते.

या स्पर्धेचा दर्जा दुय्यम होता. ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार महास्पर्धा सर्वांत वर. त्यांच्याखाली स्त्री-टेनिस संघटनेने ज्या प्रती लावल्या होत्या, त्यांतील पहिल्या प्रतीत मोजक्या स्पर्धा, आणि दुसऱ्या प्रतीत, म्हणजे ‘टायर टू’मध्ये, अमेलियाची गणना होई. दुय्यम हा शब्द आज आपण कमीपणा दाखवण्यासाठी वापरतो. पण ज्याने कधी घर किंवा शेत विकत घेतले आहे त्याला ठाऊक असते, की दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्ताची नोंद झाल्यावाचून भले भले व्यवहार कच्चेच राहतात. टेनिसमधील दुय्यम स्पर्धांचे कार्यही असेच नोंदणीचे आहे. कोणत्या खेळाडूची उमेद चढतीला लागली, कोणाची ओसरू लागली, कोणाच्या फटक्यात नवे सामर्थ्य आले, याची पहिली नोंद महास्पर्धेच्या झगमगाटात क्वचितच होते. ती अशा मधल्या दर्जाच्या स्पर्धांत, चार-सहा हजार प्रेक्षकांसमोर होते, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर तळाशी दोन ओळींत छापली जाते. त्या दोन ओळी ज्यांनी नेमाने वाचल्या त्यांना पुढच्या घटनांचे आश्चर्य वाटत नाही.

बेटाच्या ज्या भागात ही स्पर्धा भरे त्याची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. तेथील विस्तीर्ण जमीन युनियन कार्बाइड कंपनीच्या ताब्यात होती, आणि किनाऱ्यावरील वाळूतले टायटॅनियम काढण्यासाठी ती खणून काढण्याचा तिचा बेत होता. १९७०च्या दशकाच्या आरंभी हिल्टन हेड बेटावरील सी पाइन्स वसाहतीचे निर्माते चार्ल्स फ्रेझर यांनी ती जमीन विकत घेतली, आणि निसर्गाच्या कलाने नियोजन करावे असे आग्रहाने प्रतिपादणारे इयन मॅकहार्ग यांच्या संस्थेकडून तिची पाहणी करवून, वाळूच्या टेकड्या, दलदल आणि जुने ओकवृक्ष राखून तेथे विश्रामवसाहत उभी केली. ज्या भूमीवर खाणीचे खड्डे पडावयाचे होते तेथे ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या शेवाळाच्या जटांखाली टेनिसची मैदाने झाली. हे चांगले झाले. परंतु ही मैदाने, त्यांच्या भोवतीची आसने, तेथवर जाणारा रस्ता, हे सारे एका खाजगी मालकाच्या आवारात होते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण पुढे तीच निर्णायक ठरली.

आता त्या मातीविषयी. युरोपातील तांबडी माती म्हणजे बहुतांशी विटांचा चुरा. अमेरिकेतील हिरवी माती म्हणजे दगडाचा. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या जातीचा आहे त्याच जातीचा, परंतु पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने आणि दाबाने रूपांतर पावलेला, करडसर हिरव्या रंगाचा दगड दळून, त्यात जिप्सम मिसळून हे मैदान अंथरले जाते. १९३०च्या दशकाच्या आरंभी हेन्री रॉबिन्सन नावाच्या गृहस्थाने हा प्रकार प्रचारात आणला आणि त्याच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘हार-ट्रू’ हे नाव पडले. ही माती सुकली की उडते आणि फार भिजली की पायाला धरते, म्हणून तिला पाणी सतत पण बेताने द्यावे लागते. सामना संपला की मैदानावरून रुंद कुंचा ओढून सारे ओरखडे पुसले जातात, आणि रेषांच्या पट्ट्या खिळ्यांनी जमिनीत ठोकलेल्या असल्यामुळे त्या वेगळ्या झाडून पांढऱ्या कराव्या लागतात. खेळाडू चेंडूपर्यंत धावून थांबत नाही, घसरत जाऊन थांबते. तिच्या बुटांमागे हातभर लांबीची फिकट रेघ उमटते, आणि दुसऱ्या सेटपर्यंत दोघींचे पांढरे मोजे घोट्यापर्यंत राखी-हिरवे झालेले असतात. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर याविषयी वाद झाला, तर पंच उंच खुर्चीवरून उतरून येतो, वाकतो आणि मातीवर उमटलेल्या लंबवर्तुळाकार ठशाकडे बोट दाखवतो. माती साक्ष देते आणि ती साक्ष मान्य केली जाते. १९७५ ते १९७७ अशी तीन वर्षे खुद्द अमेरिकन महास्पर्धा याच मातीवर झाली, आणि तिन्ही वर्षे ख्रिस एव्हर्ट जिंकली. त्यानंतर ती महास्पर्धा कठीण पृष्ठभागाच्या मैदानावर गेली आणि हिरव्या मातीचा मान राखण्याची जबाबदारी अमेलियासारख्या दुय्यम स्पर्धांवर येऊन पडली.

एव्हर्ट ही फ्लोरिडाचीच कन्या. फोर्ट लॉडरडेलच्या हॉलिडे पार्कमधील सार्वजनिक मैदानांवर, वडिलांच्या हाताखाली, ती मातीवरच वाढली. ऑगस्ट १९७३ ते मे १९७९ या काळात मातीच्या मैदानावर तिने लागोपाठ १२५ सामने जिंकले, हा तिचा विक्रम सर्वश्रुत आहे. एप्रिल १९८१ मध्ये अमेलियाच्या अंतिम सामन्यात तिच्यासमोर मार्टिना नवरातिलोव्हा उभी राहिली. मार्टिना आदल्या वर्षीची, म्हणजे या स्पर्धेची पहिलीवहिली विजेती. दोन वेळा विम्बल्डन जिंकलेली. निकाल लागला ६-०, ६-०. बारा गेम झाले आणि बाराही एव्हर्टने घेतले. या दोघी आपल्या कारकीर्दीत ऐंशी वेळा एकमेकींसमोर आल्या, परंतु असा निकाल पुन्हा कधीही लागला नाही. एखाद्या सामान्य खेळाडूचा असा पराभव झाला असता तर तो विस्मृतीत गेला असता; पण नवरातिलोव्हाने त्याच वर्षी बास्केटबॉलपटू नॅन्सी लीबरमन हिच्या सहवासात व्यायाम, आहार आणि सराव यांची जी कठोर शिस्त अंगीकारली, तिने तिचे शरीर आणि तिचा खेळ दोन्ही पालटून टाकले. १९८३ साली ती ८६ सामने जिंकली आणि केवळ एक हरली. १९८४ साली ती पुन्हा अमेलियाच्या अंतिम सामन्यात आली, समोर पुन्हा एव्हर्टच होती, आणि या वेळी निकाल होता ६-२, ६-०, नवरातिलोव्हाच्या बाजूने. तीच स्पर्धा, तीच हिरवी माती आणि त्याच दोघी. स्त्रियांच्या टेनिसमध्ये सत्तांतर कसे घडले हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल, त्याने विम्बल्डनच्या आधी अमेलियाचे हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

स्टेफी ग्राफच्या बाबतीत तर या दुय्यम स्पर्धेचे दप्तर अधिकच बोलके आहे. १९८८ हे तिचे सुवर्णवर्ष. चारही महास्पर्धा आणि सोलच्या ऑलिंपिकचे सुवर्णपदक तिने एकाच वर्षी मिळवले. त्या संपूर्ण वर्षात ती फक्त तीन सामने हरली, आणि त्यांतील एक अमेलियाच्या उपांत्य फेरीत, गॅब्रिएला सबातिनीकडून. १९८९ साली तिने ८६ सामने जिंकले आणि दोनच गमावले. एक पॅरिसच्या अंतिम सामन्यात अरांचा सांचेझकडून, आणि दुसरा पुन्हा अमेलियाच्या अंतिम सामन्यात, पुन्हा सबातिनीकडून. दोन वर्षांत मिळून पाच पराभव, त्यांपैकी दोन याच बेटावर आणि तेही एकाच प्रतिस्पर्धिनीच्या हातून. अर्जेंटिनाच्या या तरुणीचा एकहाती बॅकहँड, चेंडूला दिलेली भरगच्च वरची फिरकी आणि मातीवर उंच उसळणारा तिचा फटका ग्राफच्या खांद्याच्या पातळीवर येई, आणि तेथे ग्राफचा खालून कापलेला बॅकहँड बचावाखेरीज दुसरे काही करू शकत नसे. सप्टेंबर १९९० मध्ये सबातिनीने अमेरिकन महास्पर्धेच्या अंतिम सामन्यात ग्राफला हरवले तेव्हा जगाला तो चमत्कार वाटला. तो चमत्कार नव्हता. त्याची कच्ची नोंद दोन वर्षे आधीच हिरव्या मातीवर झालेली होती. १९९१ आणि १९९२ या दोन्ही वर्षी सबातिनीने अमेलियाच्या अंतिम सामन्यात ग्राफलाच नमवले, हेही येथे सांगितले पाहिजे.

बाकीच्या विजेत्यांविषयी थोडक्यातच लिहितो. ह्यूस्टनच्या मॅकग्रेगर पार्कमधील सार्वजनिक मैदानांवर टेनिस शिकलेल्या झीना गॅरिसनने १९८५ साली येथेच एव्हर्टला अंतिम सामन्यात हरवले. हॅम्बुर्गच्या मातीवर ३० एप्रिल १९९३ रोजी भर सामन्यात जिच्या पाठीत सुरा खुपसला गेला, आणि जी दोन वर्षांहून अधिक काळ खेळापासून दूर राहिली, त्या मोनिका सेलेसने १९९९ आणि २००० अशी लागोपाठ दोन वर्षे ही स्पर्धा जिंकली. एप्रिल महिन्यातील मातीच्या मैदानावर तिला पुन्हा हसताना पाहणे ही साधी गोष्ट नव्हती. लिंडसे डेव्हनपोर्ट तीन वेळा जिंकली. मारिया शारापोव्हा, जी स्वतःच मातीवरील आपल्या पावलांची तुलना बर्फावर चालणाऱ्या गायीशी करीत असे, तिने २००८ साली मातीवरील आपले पहिले विजेतेपद येथे मिळवले. पुढे ती पॅरिसमध्ये दोनदा विजेती ठरली.

आणि एक नाव आपले. एप्रिल २००९ मध्ये, स्पर्धा पाँटे व्हेद्राला गेल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी, मुंबईत जन्मलेल्या आणि हैदराबादेत वाढलेल्या सानिया मिर्झाने तैवानच्या चुआंग चिआ-जुंगच्या साथीने दुहेरीचे विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर क्वेता पेश्के आणि लिसा रेमंड ही मुरलेली जोडी होती. पुढे सानिया दुहेरीत जगात पहिली झाली. त्या वाटेवरील एक टप्पा आज अस्तित्वात नसलेल्या या स्पर्धेच्या वहीत नोंदलेला आहे.

आता प्रश्न उरतो तो अंताचा. स्पर्धा म्हणजे काय, याचा जुन्या दप्तरी भाषेत विचार केला तर तिची तीन अंगे दिसतात : जमीन, सनद आणि आश्रय. जमीन म्हणजे मैदान. सनद म्हणजे संघटनेच्या वार्षिक वेळापत्रकात अमुक आठवडा अमुक दर्जाने वापरण्याचा हक्क. आणि आश्रय म्हणजे जिच्या नावाने स्पर्धा ओळखली जाते त्या कंपनीचा पैसा. आरंभीच्या वर्षांत हा आश्रय भारतीय वंशाच्या मुरजानी घराण्याच्या वस्त्रउद्योगाने दिला, मग लिप्टन चहाचे नाव आले, आणि १९८७ पासून बावीस वर्षे डोळ्यांच्या भिंगांच्या व्यापारातील बॉश अँड लोम्ब या कंपनीने तो निष्ठेने सांभाळला. २००७ साली ही कंपनीच वॉरबर्ग पिंकस या गुंतवणूक संस्थेने विकत घेतली, आणि २००८ची स्पर्धा तिच्या नावाची अखेरची ठरली. नेमक्या त्याच वेळी स्त्री-टेनिस संघटनेने आपल्या प्रतींची फेररचना केली. पहिली आणि दुसरी प्रत मिळून वरचा वर्ग, आणि तिसरी-चौथी मिळून खालचा, अशी २००९ पासूनची नवी व्यवस्था झाली, तीत ही स्पर्धा खालच्या वर्गात गेली. ज्या स्पर्धेत २००८ साली ६ लाख डॉलरची पारितोषिके वाटली गेली, तिच्या वाट्याला पुढच्या वर्षी २ लाख २० हजार डॉलर आले. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेलियाच्या वसाहतीच्या मालक कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला, आणि पुढच्या वर्षी ती सारी मालमत्ता एका हॉटेल कंपनीकडे गेली. स्पर्धेला नव्याने आश्रय देणारी जॅक्सनविलची एमपीएस ग्रुप ही कंपनीही जानेवारी २०१० पर्यंत स्वित्झर्लंडच्या अडेको कंपनीत विलीन झाली. तीन वर्षांच्या आत जमीन, सनद आणि आश्रय या तिन्ही अंगांची मालकी किंवा प्रत बदलली. एप्रिल २०१० मध्ये कॅरोलिन वॉझनियाकी लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकली. ऑक्टोबरमध्ये ती जगातील पहिल्या क्रमांकाची खेळाडू झाली. आणि जी स्पर्धा तिने जिंकली होती ती तोवर वेळापत्रकातून पुसली जाण्याच्या मार्गाला लागली होती.

यात खेळाचा दोष कोठेही नव्हता, हे मी आग्रहाने सांगू इच्छितो. प्रेक्षक येत होते, खेळाडू येत होत्या, माती चांगली होती. उणीव होती ती एवढीच, की त्या तीन अंगांपैकी एकही अंग गावाच्या हाती नव्हते. याचा पडताळा पाहावयाचा असेल तर शेजारच्या दक्षिण कॅरोलिनातील स्पर्धेकडे पाहावे. फॅमिली सर्कल कप या नावाने ती १९७३ साली हिल्टन हेडवर, त्याच चार्ल्स फ्रेझर यांच्या सी पाइन्स वसाहतीत सुरू झाली. तीच हिरवी माती, तोच ऋतू, बहुधा लागूनचाच आठवडा. २००१ साली ती खाजगी वसाहत सोडून चार्ल्सटन शहरात गेली, कारण त्या शहराने डॅनियल बेटावर नगराच्या मालकीचे टेनिस संकुल उभारले होते. पुढे ज्या मासिकाचे नाव त्या स्पर्धेला होते ते मासिकच बंद पडले; आश्रयदाते एकामागून एक बदलले; पण स्पर्धा टिकली, आणि स्त्रियांच्या मुख्य मालिकेत हिरव्या मातीचे अस्तित्व आज तिच्यामुळेच उरले आहे. दोन सख्ख्या बहिणींसारख्या स्पर्धा. एकीला स्वतःचे घर मिळाले, दुसरी अखेरपर्यंत पाहुणीच राहिली. मैदान नगराचे असावे, हे माझे मत या उदाहरणाने पक्के झाले आहे.

मात्र मैदान सार्वजनिक असले म्हणजे सारे साधले असेही नाही, हे महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको. बालेवाडीचे क्रीडासंकुल सरकारी आहे. चेन्नईत दोन दशके भरलेली पुरुषांची स्पर्धा २०१८ साली तेथे आली, महाराष्ट्र ओपन या नावाने पाच वेळा भरली, आणि २०२३ नंतर गेली. २०२४च्या वेळापत्रकात तिच्या जागी हाँगकाँगचे नाव आले. तिची मैदाने मातीची नव्हती आणि तिचा इतिहासही अमेलियाएवढा दीर्घ नव्हता. परंतु येथेही जमीन आपली होती आणि सनद दुसऱ्याची, म्हणून सनद उठली तेव्हा जमीन नुसती पाहत राहिली. पुढे जेव्हा केव्हा राज्य सरकार अशी स्पर्धा आणण्यासाठी तिजोरीतून पैसा देईल, तेव्हा करारनाम्यात निदान दहा वर्षांची मुदत आणि सनद हलवण्यापूर्वी ती घेण्याचा पहिला हक्क ही दोन कलमे असल्यावाचून सही होऊ नये, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

आणि एक विनंती वाचकांना. जिल सिमोन, केव्हिन अँडरसन, यिर्झी वेसेली, जुआंव सोसा आणि टॅलन ग्रिक्सपूर हे बालेवाडीचे पाच एकेरी विजेते. २०१९ साली रोहन बोपण्णा आणि दिविज शरण, तर २०२२ साली बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन यांनी तेथे दुहेरी जिंकली. यांपैकी एखादा सामना तुम्ही त्या आसनांवर बसून पाहिला असेल, तर तिकिटाचे अर्धुक आणि हाताने काढलेले छायाचित्र टाकून देऊ नका. मागे तारीख, दोन्ही खेळाडूंची नावे आणि निकाल लिहा, आणि ते आपल्या गावच्या ग्रंथालयात किंवा जिल्हा टेनिस संघटनेच्या कचेरीत नेऊन द्या.